पहिल्या रविवारचं इंजेक्शन

अमेरिकेतल्या आमच्या शॉमबर्गमध्ये कुणाच्या पोटाचं किंवा आतड्याचं कॅन्सरचं ऑपरेशन झालं की थोड्याच दिवसांत मला फोन येतो. "ताई, कुठली व्हिटॅमिन्स द्यायची हो?" मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. पण लोकांना डॉक्टरपेक्षा भोगलेला माणूस जवळचा वाटतो, त्याला मी काय करू? मी एकच सांगते. बाटल्या आधी कपाटात टाका आणि सर्जनला विचारा, माझ्या माणसाच्या आतलं तुम्ही नेमकं काय काढलंत, आणि ते जागेवर होतं तेव्हा काय काम करत होतं? उत्तर मिळेपर्यंत खुर्चीतून उठू नका. मग रक्त तपासा. गोळ्यांचं नंतर बघू. समोरून "पण माझी नणंद म्हणते की..." असं सुरू झालं की माझा आवाज चढतोच. अहो, नणंदेचं पोट नाही काढलेलं, तुमच्या नवऱ्याचं काढलंय!

हे शहाणपण मला फुकटात मिळालेलं नाही. सांगते.

माझा नवरा पुण्याचा. पुण्याचा असून भिडस्त, आता बोला. मी नागपूरची, तोंडाची फटकळ. लग्न ठरलं तेव्हा माझी आई म्हणाली होती, "बरं झालं, घरात एकाला तरी गोड बोलता येतं." गोड बोलता येतं म्हणजे काय, तर ह्या माणसाला 'नाही' म्हणताच येत नाही. दारात झाडू विकायला आलेल्याला हा पाणी देऊन बसवून घेईल. ऑफिसमध्ये दुसऱ्याचं काम, इथल्या मराठी मंडळात सतरंज्या उचलायचं काम, सगळं ह्याच्याच गळ्यात. "अरे, त्यांना वाईट वाटलं असतं," हे ह्याचं ठरलेलं उत्तर. माझी आजी म्हणायची, भीड ही भिकेची बहीण. मी ते ह्याला लग्नापासून ऐकवत आले, आणि हा लग्नापासून हसत आला.

२००४ च्या गणपतीत मंडळाचं जेवण शाळेच्या हॉलमध्ये होतं. समोरच्या खुर्चीवर आमचे डॉक्टरकाका बसले होते. काका म्हणजे नात्यातले कुणी नाहीत. फार वर्षांपूर्वी इकडे आलेले, आयुष्यभर सर्जन म्हणून काम करून नुकतेच रिटायर झालेले, आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे राहणारे. सगळ्या मंडळाचे ते काका. त्यांनी बघितलं की नवऱ्याने दोन घास वरण-भात खाल्ला आणि ताट बाजूला सारलं.

"किती दिवस चाललंय हे?" त्यांनी विचारलं.

"काही नाही काका, जरा ॲसिडिटी."

"ॲसिडिटी मला नको शिकवूस. पट्टा कुठल्या भोकावर आलाय बघ तुझा. उद्या सकाळी मला फोन कर."

ह्याने केला नसता. काकांनीच केला, आणि ओळखीच्या डॉक्टरांच्या मागे लागून त्याच आठवड्यात दुर्बिणीची तपासणी करायला लावली. जठराचा कॅन्सर निघाला. आधी केमो, मग ऑपरेशन, मग पुन्हा केमो. ऑपरेशनमध्ये पूर्ण जठर काढलं आणि अन्ननलिका थेट आतड्याला जोडली. सर्जन म्हणाला, आणखी थोडा उशीर झाला असता तर ऑपरेशनचा विषयच उरला नसता. थोडक्यात काय, माझ्या कपाळावरचं कुंकू काकांनी राखलं. हे मी आजही कुणाहीसमोर म्हणते, आणि काकांविषयी पुढे जे सांगणार आहे ते हे लक्षात ठेवूनच ऐका.

घरी आल्यावर माणसांची रीघ लागली. आता आपल्यात आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हाताने जात नाहीत. पण ज्याला जठरच नाही त्याच्यासाठी न्यायचं काय? पेढे चालत नाहीत, फळं जपून. मग आमच्या मराठी मंडळींनी अक्कल लढवली. भारतात जाताना आपण सगळेच होलसेलच्या दुकानातून व्हिटॅमिनच्या बरण्या नेतो की नाही, मामांना, आत्यांना, शेजारच्या काकूंना? तीच सवय. प्रत्येकजण एक बरणी घेऊन आला. मल्टिव्हिटॅमिन, फॉलिक ॲसिड, ई, सी, झिंक, सेलेनियम, माशाचं तेल. एकीने तर शार्कच्या कूर्चेची पावडर आणली, शाकाहारी माणसाला! काउंटरवर पोळपाट ठेवायला जागा उरली नाही.

हॉस्पिटलची आहारतज्ज्ञ माझ्याहून तरुण, गोरी, कामात चोख. मी सगळ्या बरण्या एका पिशवीत भरून तिच्या टेबलावर मांडल्या. तिने एकेक उचलून वाचली आणि बहुतेक बाजूला सारल्या. केमो चालू असताना असली मोठ्या डोसची औषधं मनाने घ्यायची नाहीत, म्हणाली. तिने जे दिलं ते साधं होतं. चघळायची एक मल्टिव्हिटॅमिन, कॅल्शियम आणि डी, आणि लोहाची गोळी. लोह कॅल्शियमसोबत नाही आणि चहासोबत तर मुळीच नाही. आम्ही तर सकाळची प्रत्येक गोळी चहाबरोबरच गिळणारी माणसं! आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बी-ट्वेल्व्ह. ते शोषून घ्यायला जो पदार्थ लागतो तो जठरात तयार होतो. जठर गेलं, म्हणजे तोही गेला. म्हणून दर महिन्याला बी-ट्वेल्व्हचं इंजेक्शन, जन्मभर. "हे चुकवायचं नाही," असं तिने दोनदा सांगितलं.

काकांना कळलं तेव्हा ते म्हणाले, "एवढ्याशा टोचण्यासाठी क्लिनिकमध्ये तासभर कशाला बसता? महिन्याच्या पहिल्या रविवारी माझ्याकडे या. मी देतो, काकू चहा देईल." किती प्रेमाने म्हणाले! क्लिनिकमध्ये नवऱ्याने सांगून टाकलं की आमचे घरचे डॉक्टर इंजेक्शन देतात. तिथल्या कॉम्प्युटरवर तशी नोंद झाली आणि त्यांच्याकडून तो विषय संपला.

ते रविवार छान जायचे, खोटं कशाला बोलू. काका शर्टाची बाही वर करायला लावायचे, स्पिरिटचा बोळा फिरवायचे, आणि टोचताना हटकून क्रिकेटचं काहीतरी विचारायचे. हात अजून हलका होता. मग काकूंकडचं थोडं थोडं खाणं आणि गप्पा. रिटायर झाल्यापासून काकांना कुणी कामाचं विचारत नव्हतं, आणि त्या पाच मिनिटांपुरते ते पुन्हा डॉक्टर व्हायचे. ते मलाही दिसत होतं. एखादा रविवार चुकायचा, काका कॅलिफोर्नियाला लेकीकडे गेलेले असायचे. "पुढच्या महिन्यात बघू," म्हणायचे. नवरा म्हणायचा, "हो काका."

२००५ ची दिवाळी झाली आणि काका-काकू हिवाळ्यापुरते पुण्याला गेले. इथले रिटायर झालेले बरेच जण जातात, बर्फ सुरू झाला की पक्षी उडाले. जाताना मी इंजेक्शनचं विचारलं तर काका म्हणाले, "अगं, बी-ट्वेल्व्ह लिव्हरमध्ये साठलेलं असतं. तीन-चार वर्षांचा साठा असतो माणसाकडे. चार महिन्यांनी काय होतंय? मी आलो की देतोच." सर्जन माणूस, माझ्या नवऱ्याचा जीव वाचवलेला. मी गप्प बसले.

आता पुस्तकातला साठा असतो तो मटण-मासे खाणाऱ्याचा. माझा नवरा पिढ्यान्‌पिढ्यांचा शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. त्याच्याकडे कसला आलाय साठा? डोंबलाचा!

जानेवारीत एकदा हा तळघरात कपडे धुवायला टाकून वर आला. मुलगी सोफ्यावर होती. ती म्हणाली, "डॅड, व्हेअर इज युअर अदर चप्पल?" हा एकाच पायात चप्पल घालून उभा होता. दुसरी जिन्यावरच निसटली होती आणि ह्याला पत्ता नव्हता. आम्ही हसलो. मी हसले, आणि हसता हसता थांबले. त्याला विचारलं, "तुला कळलं नाही?" म्हणाला, "मोजे जाड आहेत गं."

मग हळूहळू एकेक बाहेर यायला लागलं. पायांना मुंग्या येत होत्या, बोटांत कापूस भरल्यासारखं वाटत होतं. कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, केमोने असं होतं, बहुधा हळूहळू कमी होईल, रक्ताचा रिपोर्ट तर उत्तम आहे. हिमोग्लोबिन खरंच उत्तम होतं. नवरा खूश. आणि मग एका संध्याकाळी ऑफिसच्या पार्किंगमध्ये ह्याचा पाय ब्रेकवरून सटकला आणि गाडी जाऊन बर्फाच्या ढिगात घुसली. समोर माणूस असता तर? मी चाव्या काढून घेतल्या. इथे ज्याला गाडी चालवता येत नाही त्याला दुधाची पिशवी आणायलाही दुसऱ्याची वाट बघावी लागते. ह्याचं ऑफिस वीस मैलांवर, तिथे ना बस ना ट्रेन. कॅन्सरमधून माणूस सुटला आणि पायांनी धरला, ह्याला काय म्हणायचं? आगीतून फुफाट्यात, दुसरं काय.

मी आहारतज्ज्ञ बाईला फोन लावला. तिने पहिलाच प्रश्न विचारला, "शेवटचं बी-ट्वेल्व्ह कधी दिलं?"

मी म्हटलं, "दिवाळीच्या आधी." तिला दिवाळी कळली नाही, म्हणून महिना सांगितला. मग तिने विचारलं, "आणि त्या बरण्यांपैकी काही तो अजून घेतो का?"

मी छातीठोकपणे नाही म्हणणार होते. तरी फोन हातात धरून नवऱ्याला विचारलं, आणि त्याचा चेहरा बघूनच कळलं. फॉलिक ॲसिड आणि ती मोठी मल्टिव्हिटॅमिन ह्याने ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवली होती. का? तर ज्यांनी दिली ते दोघंही त्याच ऑफिसात. "रोज विचारतात गं, घेतोस ना म्हणून. एवढ्या प्रेमाने आणलंय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि बाईंनी फोनवर जे समजावलं त्याने तर भोवळच यायची बाकी होती. फॉलिक ॲसिड भरपूर असलं की बी-ट्वेल्व्ह नसतानाही रक्त दिसायला चांगलं दिसू शकतं. रिपोर्ट छान येतो, सगळे निर्धास्त होतात, आणि तिकडे नसा झिजत राहतात. दुसऱ्याच दिवशी बी-ट्वेल्व्हची वेगळी तपासणी केली. आकडा तळाला गेला होता. नसांचे डॉक्टर म्हणाले, थोडी केमोची करामत, पण बराचसा दोष बी-ट्वेल्व्ह नसल्याचाच. संवेदना परत येतील का? काही येतील, काही येणारही नाहीत. उशीर किती झालाय त्यावर आहे.

क्लिनिकमध्ये इंजेक्शनं सुरू झाली. आधी रोज, मग आठवड्याला. मी घेऊन जायचे, घेऊन यायचे. गाडीत मी बोलायचे आणि तो खिडकीबाहेर बघायचा. "क्लिनिकमध्ये गेलो असतो तर काकांना वाटलं असतं की आपला विश्वास नाही," असं एकदा म्हणाला. मी म्हटलं, "आणि तू कायमचा पांगळा झालास तर काकांना काय वाटेल? आनंद होईल?"

मार्चमध्ये काका-काकू परतले. फोन आला, "पहिल्या रविवारी या रे." आणि हा चक्क म्हणाला, "हो काका." मग मला म्हणतो, "तिकडे चालू आहे ते सांगायचं नाही. काकांकडूनही घेऊ. बी-ट्वेल्व्ह जास्त झालं तरी बाधत नाही, मी विचारलंय." म्हणजे ह्याने क्लिनिकमध्ये तेवढं विचारून ठेवलं होतं! काकांचं मन राखायला दोन्हीकडे टोचून घ्यायला तयार. मला हसावं की रडावं कळेना. मी म्हटलं, "येते मी. पण माझ्या तोंडाला कुलूप लावून येणार नाही."

गेलो. काकांनी नेहमीसारखी बाटली आणि सिरिंज टेबलावर तयार ठेवली होती. काकू आत उपम्याला फोडणी देत होत्या. मी बसलेसुद्धा नाही. म्हटलं, "काका, राग मानू नका. मानलात तरी चालेल. ह्याचं बी-ट्वेल्व्ह तळाला गेलं होतं. शाकाहारी माणसाकडे तुमचा तो तीन वर्षांचा साठा नसतो. ह्याच्या पायांना कळत नाही, गाडी चालवणं बंद आहे, आता क्लिनिकमध्ये इंजेक्शनं चालू आहेत, आणि ती तिथेच चालू राहणार."

काकांच्या हातातला बोळा तसाच राहिला. चेहरा पांढरा पडला. नवरा मात्र घाईघाईने म्हणाला, "नाही नाही काका, हिला काळजी करायची सवयच आहे. आता खूप बरं आहे. सगळं कळतं पायाला."

"सगळं कळतं?"

"हो काका."

"मोजे काढ."

आणि पंचाहत्तरीचे काका गुडघे टेकून खाली कार्पेटवर बसले. त्यांनी ह्याचा पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला. नवरा चटका बसल्यासारखा मागे सरकला. "काका, नका! पाय नका धरू, मला पाप लावता का?" ज्यांच्या पाया आपण दसऱ्याला पडतो त्यांच्या मांडीवर आपला पाय!

"गप बस," काका म्हणाले. "डोळे मीट. टोचलं की सांग."

त्यांनी काकूंच्या शिवणाच्या डब्यातली सुई घेतली. अंगठ्याला टोचली. "कळतंय?"

"हो काका."

तळव्याला टोचली. "आता?"

"हो."

"आता?"

"हो काका, कळतंय."

मी बाजूलाच उभी होते. शेवटच्या वेळी काकांचा सुईचा हात त्यांच्या स्वतःच्या गुडघ्यावर होता. त्यांनी टोचलंच नव्हतं. त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं, आणि इतकं ओशाळलेलं तोंड मी त्या माणसाचं कधी पाहिलं नव्हतं.

"डोळे उघड," ते म्हणाले. नवऱ्याने उघडले. काकांचा हात बघितला, सुई बघितली, आणि त्याची मान खाली गेली.

"माझ्याशी खोटं बोलतोस?" काकांचा आवाज फुटला. "मी चुकलो रे. मी मूर्खासारखं बोलून गेलो, आणि तू माझी भीड धरून बसलास! गणपतीत तुझं ताट बघितलं नसतं तर तेव्हाही 'ॲसिडिटी आहे काका' म्हणत मेला असतास. माझं मन एवढं महाग आणि तुझे पाय एवढे स्वस्त?"

काकू झारा हातात घेऊन दारात येऊन उभ्या राहिल्या. उपमा करपल्याचा वास यायला लागला तरी त्या हलल्या नाहीत.

काकांनी चष्मा काढून डोळे पुसले, पुन्हा घातला, आणि पाय पुन्हा मांडीवर ओढून घेतला. ह्या वेळी नवऱ्याने तो मागे घेतला नाही. "मीट डोळे," काका म्हणाले.

अंगठा. "कळतंय?"

नवऱ्याच्या ओठांची हालचाल झाली आणि थांबली. मी आयुष्यात कुणाला एवढ्याशा शब्दासाठी इतकं झगडताना पाहिलेलं नाही.

"नाही," तो म्हणाला.

तळवा. "आता?"

"नाही."

टाच. "आता?"

"नाही काका. तिथे काहीच नाही." आणि त्याच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. एवढे दिवस तो माझ्यासमोरही रडला नव्हता, केमोत नाही, ऑपरेशनला नेताना नाही. मग काका घोट्याच्या वर गेले, आणखी थोडे वर, आणि अचानक हा म्हणाला, "इथे. इथे टोचतंय."

काकांनी खिशातलं बॉलपेन काढून तिथे रेघ मारली. दुसऱ्या पायालाही मारली. ती रेघ खाली सरकवत न्यायला आम्हाला तो अख्खा उन्हाळा लागला, डाव्या पायाची बोटं तर अजूनही अर्धीमुर्धीच आहेत. गाडी मात्र पुढच्या हिवाळ्याआधी त्याच्या हातात आली. पण त्या रविवारी ह्यातलं काहीच माहीत नव्हतं. फक्त दोन पाय, दोन निळ्या रेघा, आणि खाली बसलेले काका.

त्यांनी सिरिंज उचलून बाजूला ठेवली. माझा हात धरून कसेबसे उठले, आणि नवऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "शाब्बास. आज पहिल्यांदा तू माझा पेशंट झालास."